मोनोस्पॉट निगेटिव्ह आली, तरी मोनो कसा? आधी दिवस मोजूया

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना कागदावर एक आडवी रेघ मारली आणि तिच्यावर दिवस मांडले. ओपीडीत ताप-घशाचा लांबलेला पेशंट आला की मी हेच करतो. रिपोर्टची फाइल नंतर उघडतो.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. मुलगी एकोणीस वर्षांची, हॉस्टेलवर राहणारी, बास्केटबॉल खेळणारी. पहिल्या दिवशी ताप आणि घसादुखी. चौथ्या दिवशी मोनोस्पॉट ही मोनोसाठीची रक्ततपासणी केली, ती निगेटिव्ह आली, म्हणून टॉन्सिलचं इन्फेक्शन धरून अ‍ॅमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच कुळातलं अँटिबायोटिक सुरू झालं. दहाव्या दिवशी अंगभर लाल पुरळ. अकराव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पाहिली आणि 'हा मोनोच' म्हणाले. रिपोर्टवर 'अ‍ॅटिपिकल लिम्फोसाइट' हे शब्द, लिव्हरचे एन्झाइम अडीच पट. आज पंधरावा दिवस. तुम्हाला जाणून घ्यायचंय की कोणते डॉक्टर चुकले, हा आजार तिला कुणाकडून आला, नऊ वर्षांच्या धाकट्याला होईल का, पेनिसिलिन तिला आयुष्यभर वर्ज्य का, आणि तीन आठवड्यांनी असलेली स्पर्धा ती खेळू शकेल का.

प्रश्न पाच दिसतात, पण माझ्या मते गुंता एकच आहे. मोनो, म्हणजे मोनोन्यूक्लिओसिस, हा संथ आजार. त्यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या दिवशी दिसते, आणि तुमच्याकडे काही गोष्टी त्यांचा दिवस येण्याआधीच पाहिल्या गेल्या. चौथ्या दिवशीचे डॉक्टर आणि अकराव्या दिवशीचे डॉक्टर एकच मुलगी पाहत होते, पण आजार तोवर एक आठवडा पुढे सरकला होता. अकराव्या दिवशी पाहणारा नेहमीच जास्त हुशार ठरतो. आमच्या धंद्यात हा अनुभव सगळ्यांनी दोन्ही बाजूंनी घेतलेला असतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी तिला तपासलेलं नाही. खालचं सगळं एरवी धडधाकट असलेल्या तरुण मुलीला धरून लिहितोय. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, अवयव प्रत्यारोपण झालं असेल, गर्भारपण असेल किंवा मूल अगदी लहान असेल, तर बरीच उत्तरं बदलतात.

आता आजाराकडे. १८८९ मध्ये जर्मनीतल्या एमिल फायफर यांनी याचं वर्णन 'ग्रंथींचा ताप' असं केलं होतं, आणि मला आजही तेच नाव जास्त नेमकं वाटतं. 'इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस' हे नाव १९२० मध्ये स्प्रंट आणि इव्हान्स यांनी दिलं, रक्तात दिसणाऱ्या विचित्र पेशींवरून. कारण मात्र कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. १९६४ मध्ये एपस्टाइन, अचाँग आणि बार यांना एक विषाणू सापडला, पण तो आफ्रिकेतल्या मुलांच्या एका कॅन्सरच्या पेशींत. घशाच्या तापाशी त्याचा संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पुढे फिलाडेल्फियात हेन्ले दांपत्याच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ मुलीला मोनो झाला. तिचं आजारापूर्वीचं रक्त तिथे तपासलेलं होतं आणि त्यात या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी नव्हत्या. आजारानंतरच्या रक्तात त्या होत्या. या धाग्यावरून १९६८ मध्ये एपस्टाइन-बार विषाणू आणि मोनो यांची गाठ पक्की झाली. एकाच माणसाचे दोन तारखांचे नमुने शेजारी ठेवले म्हणून हे उलगडलं. तुमच्या मुलीच्या बाबतीतही तेच करायचंय.

आता तुम्हाला सगळ्यात जास्त टोचणारा प्रश्न: कुणाकडून आला. इंटरनेटवर तुम्ही 'चुंबनाचा आजार' असं वाचलंत आणि तापात पडलेल्या मुलीला त्यावरून विचारलंत, असं तुम्हीच लिहिलंय. ते आता थांबवा. हा विषाणू लाळेतून पसरतो हे खरं. १९५५ मध्ये होगलँड नावाच्या लष्करी डॉक्टरांनी वेस्ट पॉइंटच्या तरुण कॅडेटांमधला अनुभव लिहिला आणि चुंबनाशी त्याचं नाव जोडलं गेलं. पण लाळ एकाच वाटेने पोचत नाही. एकाच बाटलीतून चौघींनी पाणी पिणं, एकच चमचा फिरवणं, दुसरीच्या ओठांना लागलेली शिट्टी किंवा कप वापरणं, एवढं पुरतं.

आणि दिवस मोजा. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे तिला लागण झाली ती आजपासून सहा ते आठ आठवड्यांपूर्वी. त्या काळात तिने कुणाच्या बाटलीतून पाणी प्यायलं हे तिलाही आठवणार नाही. शिवाय देणारा माणूस आजारी असेलच असं नाही. एकदा लागण झाली की विषाणू लाळेतून कित्येक महिने बाहेर पडत राहतो, आणि नंतरही आयुष्यभर अधूनमधून पडतो, तेव्हा त्या माणसाला काहीच होत नसतं. जगातल्या प्रौढांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांच्या शरीरात हा विषाणू आहे. तुमच्या आहे, माझ्याही आहे. तिच्या ताटातला एखादा घास तुम्हीच उष्टा करून दिला असेल, तर स्रोत तुम्हीही असू शकता. हे खोचक वाटलं तर माफ करा, पण पालक जाबजबाब घेतात, मुलगी गप्प होते, आणि मग पोटात दुखतंय हेही ती सांगत नाही. ते न सांगणं या आजारात महागात पडू शकतं. का, ते पुढे येईल.

याच हिशेबातून धाकट्याचं आणि हॉस्टेलमधल्या मैत्रिणींचं उत्तर निघतं. हा विषाणू सर्दीसारखा हवेतून झपाट्याने पसरत नाही. एका खोलीत राहणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे एकीला मोनो झाला की खोलीतल्या बाकीच्याही पडतात असं सहसा घडत नाही. वेगळी खोली, वेगळे कपडे, वाफारे देऊन घर शुद्ध करणं, यातलं काही लागत नाही. बाटली, पेला, चमचा आणि टूथब्रश वेगळे ठेवा, एवढंच. तेही किती दिवस, असं विचाराल तर प्रामाणिक उत्तर असं की विषाणू महिनोनमहिने लाळेत असतो, तेव्हा ठरावीक तारखेनंतर ती 'सुरक्षित' झाली असं म्हणता येत नाही. ताप आणि घसा असेपर्यंत काटेकोर, नंतर नेहमीची स्वच्छता. नऊ वर्षांच्या भावाला तो आधीच होऊन गेला असेल, किंवा झाला तर दोन दिवसांचा किरकोळ ताप म्हणून निघून जाईल. लहान वयात हा विषाणू बहुधा ओळखूही येत नाही.

मग तरुण वयातच एवढा का पाडतो? कारण मोनोत जे त्रासदायक असतं, ते बरंचसं आपल्याच सैन्याचं काम असतं. विषाणू बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींत घर करतो. त्या पेशींना मारायला टी-पेशींची फौज उठते, आणि पंधरा ते पंचविशीच्या आसपास ही फौज अतिशय जोरात उठते. ताप, सुजलेल्या गाठी, मोठी झालेली प्लीहा (पोटात डाव्या बरगड्यांखाली असणारा अवयव), गळून गेल्यासारखं वाटणं, हा त्या चकमकीचा धुरळा. तुम्हाला घाबरवणाऱ्या 'अ‍ॅटिपिकल' पेशी म्हणजे बहुतांशी याच चवताळलेल्या टी-पेशी. त्या कॅन्सरच्या नाहीत.

त्या पेशी कशा दिसतात ते सांगतो, म्हणजे भीती थोडी कमी होईल. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून रंगवला की नेहमीची लिम्फोसाइट लहान, गोल, गडद ठिपक्यासारखी दिसते. मोनोतली पेशी ऐसपैस असते. तिचा फिकट निळा पसारा शेजारच्या लाल पेशींना टेकतो आणि त्यांच्या गोलाईप्रमाणे वाकतो, जणू मऊ उशी खुर्चीच्या दांड्यांमध्ये दाबून बसवलीय. कडेला निळा रंग जरा गडद. आणि मुख्य म्हणजे दहा पेशी पाहिल्या तर दहांचे आकार निरनिराळे. ल्युकेमियातल्या अपक्व पेशी बहुधा एकाच साच्यातून काढल्यासारख्या असतात. मोनोतल्या त्या विविधतेनेच पॅथॉलॉजिस्टचा जीव भांड्यात पडतो. सोबत हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट बऱ्यापैकी असतील, तर आणखी निर्धास्त. तुम्ही हिमोग्लोबिन नॉर्मल असल्याचं लिहिलंय, प्लेटलेट लिहिलेल्या नाहीत. मोनोत प्लेटलेट थोड्या उतरतात, त्यात विशेष काही नाही; खूप उतरल्या तर मात्र ती वेगळी गोष्ट.

लक्षणांचा क्रम साधारण असा असतो. आधी तीन-चार दिवस नुसतं अंग मोडून येतं, डोकं जड, भूक नाही. मग ताप, संध्याकाळी जास्त चढणारा, आठवडा-दोन आठवडे चालणारा. घसा पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त दुखतो. काही मुलांना थुंकी गिळणंही नको होतं. मानेतल्या गाठी त्याच सुमारास येतात. काहींच्या पापण्या सकाळी सुजलेल्या असतात, आईला वाटतं रात्रभर रडली. हे लक्षण पुस्तकात असतं, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. प्लीहा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सर्वांत मोठी होते. आणि थकवा सगळ्यांच्या शेवटी जातो.

तपासताना मी काय पाहतो? घशात टॉन्सिलवर राखट-पांढरा थर असतो, तो स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूच्या इन्फेक्शनमध्येही असतो, म्हणून नुसत्या थरावर मी काही ठरवत नाही. टाळूचा कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो तिथे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात का बघतो. मग मानेमागे जातो. जबड्याच्या कोनाखालची गाठ कुठल्याही घशात सुजते. पण मानेच्या बाजूने जाणारा जाड स्नायू असतो, त्याच्या मागच्या अंगाला बोटांखाली मण्यांच्या माळेसारख्या गाठी लागल्या, दोन्हीकडे लागल्या, तर माझं पारडं मोनोकडे झुकतं. काखेत आणि जांघेतही लागल्या तर आणखी. शेवटी पोट. प्लीहा मी एकदाच, हलक्या हाताने पाहतो, आणि विद्यार्थी सोबत असले तर त्यांना हात लावू देत नाही. पाच जणांनी बोटं रुतवून पाहण्याचा तो अवयव नव्हे, निदान त्या आठवड्यांत.

आता मोनोस्पॉट. या तपासणीची गंमत अशी की ती विषाणू शोधतच नाही. १९३२ मध्ये पॉल आणि बनेल यांच्या लक्षात आलं की मोनोच्या रुग्णाच्या रक्तद्रवामुळे मेंढीच्या लाल पेशींच्या गुठळ्या होतात. या आजारात शरीर काही भलत्याच अँटिबॉडी बनवतं, ज्यांचा विषाणूशी थेट संबंध नसतो. मोनोस्पॉट त्याच भलत्या अँटिबॉडी घोड्याच्या लाल पेशी वापरून शोधते. त्या तयार व्हायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात जवळपास चौघांत एकाची तपासणी खोटी निगेटिव्ह येते. दुसऱ्या आठवड्यात ते प्रमाण पाच ते दहा टक्क्यांवर येतं. चार वर्षांखालच्या मुलांत तर ती बहुधा निगेटिव्हच येते, आणि काही मोठ्या माणसांतही ती शेवटपर्यंत पॉझिटिव्ह होत नाही. म्हणजे चौथ्या दिवशीच्या तुमच्या निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ 'मोनो नाही' असा नसून 'अजून सांगता येत नाही' असा होता. पहिल्या डॉक्टरांनी तपासणी सुचवली म्हणजे त्यांच्या मनात शंका होती. चूक झालीच असेल तर एवढीच, की आठवड्याने पुन्हा करू हे वाक्य राहिलं.

अकराव्या दिवशी सीबीसी बोलकी झाली तीही दिवसामुळेच. एकूण पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट निम्म्याहून जास्त आणि त्यांत दहा टक्क्यांहून जास्त अ‍ॅटिपिकल, शिवाय साजेसं वय आणि लक्षणं, एवढ्यावर मी निदान मांडतो. पक्कं करायचं तर आता मोनोस्पॉट पुन्हा करता येईल, किंवा एपस्टाइन-बारच्या नेमक्या अँटिबॉडी. त्यांची नावं भीतिदायक आहेत पण वाचायची रीत सोपी. व्हीसीए आयजीएम ताज्या आजारात येते आणि काही आठवड्यांनी, फार तर दोन-तीन महिन्यांत जाते. व्हीसीए आयजीजी लवकरच येते आणि आयुष्यभर राहते. ईबीएनए आयजीजी उशिरा, लक्षणं सुरू झाल्यावर दोन ते चार महिन्यांनी उगवते आणि तीही कायम राहते. म्हणून आज व्हीसीए आयजीएम पॉझिटिव्ह आणि ईबीएनए निगेटिव्ह आली, तर आजार ताजा. ईबीएनए आजच पॉझिटिव्ह असेल तर विषाणू फार पूर्वीच येऊन गेलाय, आणि या तापाचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

एकटी आयजीएम मात्र जपून वाचावी. सायटोमेगॅलोव्हायरससारख्या चुलतभावाच्या आजारात ती उगाच पॉझिटिव्ह दिसू शकते. आणि एक विनंती: 'गेला का' हे बघायला दर महिन्याला आयजीजी करू नका. ती जाणार नाही. माझ्याकडे एक गृहस्थ मुलाच्या सात महिन्यांच्या सात रिपोर्टचा आलेख घेऊन आले होते, छान रंगीत. मुलगा तेव्हा बाहेर क्रिकेट खेळत होता. पीसीआरची गरज एरवी धडधाकट माणसाला क्वचितच पडते.

मोनोसारखं दिसणारं पण मोनो नसलेलं बरंच काही असतं. सायटोमेगॅलोव्हायरस आणि टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी यांत गाठी आणि ताप असतो, घसा बहुधा कमी दुखतो. गर्भवती बाईला असा आजार झाला तर हे दोन्ही आवर्जून तपासावेत, कारण धोका बाळाला असतो. एचआयव्हीच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतलं चित्रही हुबेहूब असंच असू शकतं. त्यामुळे लांबलेल्या ताप-घशात मी ती तपासणी सुचवतो, तरुण असो, म्हातारा असो, चेहरा बघून ठरवत नाही. त्यातही दिवस मोजावेच लागतात. नुसत्या अँटिबॉडीची तपासणी तेव्हा निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून अँटिजेनही पाहणारी नवी तपासणी करावी, आणि शंका उरलीच तर विषाणूच्या आरएनएची. मुलीला हे एकांतात, डॉक्टरांनीच विचारलेलं बरं. घटसर्पाचा राखाडी पडदा टॉन्सिलच्या बाहेर पसरतो आणि ओरबाडला तर रक्त येतं. लस अपुरी असेल तर ते डोक्यात ठेवावं लागतं.

स्ट्रेप्टोकॉकसचं काय? घशाच्या स्वॅबमध्ये तो मोनोच्या काही रुग्णांतही सापडतो. कधी खरंच जोडीला असतो, कधी नुसता पाहुणा म्हणून बसलेला. उपचार करायचाच तर अ‍ॅम्पिसिलिन-अ‍ॅमॉक्सिसिलिन सोडून दुसरं औषध निवडावं. आता त्या पुरळाकडे वळतो.

मोनोच्या पेशंटला अ‍ॅम्पिसिलिन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं तर पुरळ उठण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. जुन्या पुस्तकांत 'जवळजवळ सगळ्यांना' असं लिहिलेलं असे. अलीकडच्या नोंदींत ते साधारण तिघांत एक किंवा त्याहून कमी दिसतं. औषध सुरू झाल्यावर पाच-दहा दिवसांनी, छाती-पोट-पाठीपासून सुरू होऊन पसरणारं, चपटं, तांबूस. तुमच्या मुलीचं गोळ्या सुरू झाल्यावर सहाव्या दिवशी उठलं. हे बहुतेक वेळा पेनिसिलिनची खरी, कायमची अ‍ॅलर्जी नसते. खरी धोक्याची अ‍ॅलर्जी मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत येते: गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास अडकतो. कातडीवर फोड आले, किंवा तोंडात-डोळ्यांत चट्टे पडले, तर तोही निराळा आणि गंभीर प्रकार, त्यात लगेच दवाखान्यात जायचं.

याबाबतची माझी स्वतःची चूक सांगतो. शिकाऊ असताना अशाच एका मुलाच्या केसपेपरवर मी लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पेनिसिलिन अ‍ॅलर्जी'. तीन-चार वर्षांनी तोच मुलगा दुसऱ्या आजारासाठी दाखल झाला, ज्यात पेनिसिलिन हेच पहिल्या पसंतीचं औषध होतं. माझ्याच लाल अक्षरांमुळे त्याला दुसरं, जास्त त्रासदायक औषध मिळालं, आणि मी ते केसपेपर चाळताना माझं हस्ताक्षर ओळखलं. म्हणून तुमच्या मुलीच्या फाइलवर असं लिहून घ्या: 'मोनो चालू असताना, अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या सहाव्या दिवशी चपटं पुरळ, गांधी नाहीत, श्वासाचा त्रास नाही.' तारीख घाला. मात्र तुमच्या मनाने तिला पुन्हा पेनिसिलिन देऊन बघू नका. काही महिन्यांनी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडून ते तपासून घेता येईल. सध्या गोळ्या बंद झाल्या आहेत, हे योग्यच झालं.

लिव्हरच्या एन्झाइमवर फार वेळ घालवत नाही. मोनोच्या बहुसंख्य रुग्णांत ते दोन-तीन पटींपर्यंत वाढतात आणि महिन्याभरात आपोआप उतरतात. कावीळ थोड्यांनाच होते. लिव्हरचं टॉनिक नको. पॅरासिटामॉल सांगितलेल्या मात्रेतच, आणि सर्दी-तापाच्या इतर गोळ्यांतही तेच औषध असतं हे पाहून. दारू एन्झाइम उतरेपर्यंत बंद, हे मी एकोणीस वर्षांच्या सगळ्यांनाच सांगतो, घेतात की नाही हे न विचारता.

उपचार म्हणाल तर फारसे नाहीतच. विश्रांती, भरपूर पातळ पदार्थ, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, ताप-दुखण्यावर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन. अ‍ॅस्पिरिन या वयात नको. अ‍ॅसायक्लोव्हिरने लाळेतला विषाणू काही काळ कमी होतो, पण पेशंटला लवकर बरं वाटत नाही, म्हणून मी देत नाही. स्टिरॉइडचं आकर्षण मोठं असतं, दोन दिवसांत घसा मोकळा होतो. पण ते मी राखून ठेवतो टॉन्सिल एवढे सुजले की श्वासाची वाट अडेल अशांसाठी, किंवा रक्तपेशी झपाट्याने मोडू लागल्या तर.

राहिली स्पर्धा. इथे मला तुमचं मन मोडायचं नाही, पण आश्वासनही देता येत नाही. प्लीहा मोठी झाली की तिचं आवरण ताणलं जातं आणि ती फुटू शकते. हे फार क्वचित घडतं, हजारात एखाद-दोन रुग्णांच्या आसपास, पण घडलं तर पोटात रक्तस्राव होतो. बहुतेक घटना पहिल्या तीन-चार आठवड्यांत होतात, आणि कित्येकदा धक्का लागलेलाही नसतो. नुसतं वाकणं, जड उचलणं, कुंथणं पुरतं. म्हणून पहिले तीन आठवडे खेळ, व्यायाम, बॅग उचलणं, सगळं बंद. तिच्या हिशेबात एकविसाव्या दिवसापर्यंत. त्यानंतर ताप नसेल आणि अंगात त्राण असेल तर चालणं, हलकं पळणं. धक्काबुक्कीचे खेळ चार आठवडे उलटल्यावर, डॉक्टरांनी तपासून. बास्केटबॉलला लोक धक्काबुक्कीचा खेळ म्हणत नाहीत, पण रिबाउंडखाली कोपरं कुठे लागतात हे तुमच्या मुलीला विचारा.

स्पर्धा छत्तिसाव्या दिवशी येते. दिवसांच्या हिशेबात ती बसते. पण दोन-तीन आठवडे अंथरुणात काढलेली मुलगी आठ दिवसांच्या सरावावर पूर्ण सामना खेळेल का, हे तिच्या थकव्यावर आहे, आणि थकव्याचं वेळापत्रक कुणालाच ठाऊक नसतं. बहुतेक मुलं दोन ते चार आठवड्यांत वर्गात परततात, काहींना दोन-तीन महिने दुपारी झोप लागते. मी एकोणतिसाव्या-तिसाव्या दिवशी तिला बघून ठरवलं असतं, त्याआधी कोचला शब्द दिला नसता. सोनोग्राफी करून ठरवा, असं कोणी म्हणेल. अडचण अशी की प्लीहेचा 'नॉर्मल' आकार माणसागणिक बदलतो, उंच खेळाडूंची मुळातच मोठी असते, आणि तिचं आजारापूर्वीचं माप आपल्याकडे नाही. पहिल्या तारखेचा नमुना नसला की दुसऱ्याला अर्थ लावणं कठीण, तसंच हे. शंका असेल तर करा, पण त्या एका आकड्यावर मैदानात उतरवू नका.

डाव्या बरगडीखाली अचानक दुखलं, डाव्या खांद्याच्या टोकाला कळ गेली, चक्कर आली, चेहरा पांढराफटक पडला, तर रात्री दोन वाजताही थांबायचं नाही. तसंच श्वासाला घरघर, थुंकीही गिळता न येणं, लघवी कोकसारखी गडद होणं, अंगावर रक्ताचे बारीक ठिपके, चेहरा एका बाजूला वाकणं, असंबद्ध बोलणं. मघाशी 'ती पोटात दुखतंय हे सांगणार नाही' म्हणालो ते यासाठी. ही यादी तुम्ही पाठ करण्यापेक्षा तिला द्या, दुखणार तिचं पोट आहे.

पुन्हा होईल का, असं शेवटी एका ओळीत विचारलंय. विषाणू तिच्या काही बी-पेशींत आयुष्यभर झोपून राहील, जसा आपल्या सगळ्यांच्यात आहे; मोनो हा आजार मात्र सहसा पुन्हा होत नाही. या विषाणूचा काही कॅन्सरांशी आणि मल्टिपल स्क्लेरोसिसशी संबंध असल्याचं तुम्ही वाचाल. मल्टिपल स्क्लेरोसिसबद्दल २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या लाखो लोकांच्या नोंदींवरून मोठा अभ्यासही आला. संबंध खरा आहे. पण दहातल्या नऊ माणसांत असलेला विषाणू आणि हजारांत एखाद्याला होणारा आजार, यावरून आज तुमच्या घरात करण्यासारखं काही नाही. लस अजून नाही.

तेव्हा आता अँटिबॉडीची तपासणी एकदाच करून घ्या, आणि एकविसाव्या दिवशी सीबीसी व लिव्हरचे एन्झाइम पुन्हा. परत लिहाल तेव्हा ताप शेवटचा कोणत्या दिवशी आला, प्लेटलेट किती होत्या आणि ईबीएनए काय आली, एवढं लिहा. पुरळाचा फोटो नको, तो आतापर्यंत फिका पडला असेल.